येताना द्या

नवापूरच्या नाक्यावरचा तो मेकॅनिक बोनेटमधून डोकं न काढताच बोलतो. माणसाशी बोलतोय की इंजिनाशी, कळत नाही.

उन्हाळ्यात जर्मनीहून देशामागून देश ओलांडत आलेल्या एका जोडप्याच्या गाडीची बॅटरी त्याच्या दारात गेली. त्यानं स्वतःच्या जीपची काढून बसवली आणि मला म्हणाला, "त्यासले सांग, वापस येतांना दी जा."

ते नेपाळला निघाले होते, या वाटेनं परतणारच नव्हते. मी इंग्रजीत फक्त 'घेऊन जा' एवढंच सांगितलं.

तेव्हापासून त्याची जीप धक्क्यावर चालते. नवी बॅटरी घे म्हटलं, की बोनेटमधूनच उत्तर येतं, "कसाले? येतीन ना त्या दोन्ही."

त्याला सगळं कळलंय की काहीच नाही, मला अजून उमगत नाही. मग तो "मार धक्का" म्हणतो, आणि मी मुकाट्यानं जीपच्या मागे जातो.