तांबड्या भाकरी

शेजारच्या अक्कांच्या भाकरी मी पोत्याखाली लपवल्या, हे आज कबूल करतो. बहात्तरच्या दुष्काळात दर सोमवारी आमच्या मठात गरिबांना जेवण असे. घरोघरच्या कडक भाकरी गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. अक्का प्रत्येक भाकरीवर बोट वाजवत, ती कडक झाली का ते कान लावून ऐकत आणि "ओंदु, एरडु" असं कानडीत मोजत माझ्यापुढं ठेवत. त्या सोमवारी त्यांच्या पाच भाकरी रेशनवर मिळणाऱ्या तांबड्या मिलो ज्वारीच्या होत्या. गावातली बडी मंडळी पंगत बघायला येणार होती. ती नाक मुरडतील, या भीतीनं मी त्या वाढूच दिल्या नाहीत.

"मास्तर, माज्या भाकरी खपल्या का?" अक्कांनी विचारलं.

"केव्हाच!"

आठवडाभर मी मठात जाता-येता त्या पोत्याकडं बघत होतो. कुणी ते पोतं उचललं तर?

पुढच्या सोमवारी अक्का दहा भाकरी घेऊन आल्या.

"एवढ्या कशाला, अक्का?"

"लोकास्नी आवडल्या की! आमचं काय, आज आंबील पिऊ."

त्या पुन्हा कान लावून मोजू लागल्या. मला ते बघवेना.

"अक्का, मी खोटं बोललो. तुमच्या भाकरी कुणी खाल्ल्याच नाहीत, मी त्या लपवल्या. मला माफ करा."