फॉरमॅट मारल्यावर परत आलेला धवला

भूत, करणी, अंगात येणं... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगतो. तरुणपणी खाडीच्या बांधावर मिठाच्या राशी राखत एकटा झोपलोय मी. कुणी कधी दिसलं नाही. इथे लोक लिहितात ते अनुभव सुजाता, म्हणजे माझी थोरली सून, मला वाचून दाखवते आणि निम्म्यांना मी हसतो. आज माझाच सांगतोय. मी बोलतोय, ती टाइप करतेय. माझं शिक्षण चौथी, पण मराठी वाचता येतं. ती काय टाइप करते ते शेजारी बसून बघतोय. का बघतोय ते पुढे कळेल.

आम्ही आगरी. मिठागर गेलं, गाव सुटलं, आता खांदा कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. २००७-०८ सालची गोष्ट असेल. हॉलमध्ये, स्वयंपाकघराच्या दाराला लागून, थोरल्या रमेशने घेतलेला कॉम्प्युटर होता. मागे फुगलेला टीव्ही असायचा ना, तसला.

माझी बायको धवलारीन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — आमच्याकडे लग्नात धवले गातात, ते गाणारी बाई. हळदीच्या धवल्यात ती एकेकाचं नाव घेते. ज्या क्रमाने नावं येतील त्या क्रमाने माणसं पुढे होऊन नवऱ्या मुलाला हळद लावतात. तिला अक्षर ओळखीचं नव्हतं, सगळं तोंडपाठ.

ती आजारी पडली तेव्हा दोहाला असलेली आमची मुलगी वनिता फोनवर म्हणाली, "वहिनी, आयचं धवलं मला मेल कर गो. एकदा गेलं तं गेलं." मग रोज दुपारी ही खाटेवरून सांगायची आणि सुजाता टाइप करायची. इंग्रजी अक्षरांत, कारण मराठी त्या मशीनमध्ये नव्हतं. सुजाता इतकी सरळ की ही जे बोलेल ते सगळं जायचं. धवल्याच्या मध्येच "कुकरची शिटी झाली कं?" हेसुद्धा. वनिता तिकडे हसून लोळायची.

दिवाळीच्या तोंडावर ती गेली. शिमग्याच्या सुमाराला कॉम्प्युटर बंद पडला आणि रमेशने फॉरमॅट मारून घेतला. हे मला कुणी सांगितलं नाही! पुढे धाकट्या निलेशचं लग्न जमलं, मुलगी प्रणाली, पेणकडची. मी म्हटलं, हळदीला माझ्या बायकोचेच धवले होतील, काढा ते. तेव्हा रमेश खाली बघून म्हणाला, "बाबा, व्हायरस आलेला. सगळा उडाला." वनिताला फोन लावला तर ती रडायलाच लागली. इनबॉक्स भरला म्हणून जुने मेल काढून टाकताना तेही गेले. घरात आईचे शब्द होते, आणि दोन्ही पोरांनी केरात काढले. त्या दिवशी जेवलो नाही मी.

आणखी एक गोष्ट सांगायला पाहिजे. हळदीला नवऱ्याच्या मागे जोडपं बसतं — आईबाप. मी विधुर, मला बसता येत नाही. रीतीने माझा धाकटा भाऊ बाळाराम आणि त्याची हिरा बसायला हवी. पण मिठागराची जमीन संपादनात जाताना आम्ही दोघांनी आईसमोर ठरवलं होतं की सही करायची नाही, आणि हा एकटा जाऊन सही करून आला होता. त्यानंतर तो उरणच्या बाजूला राहायला गेला, मी त्याचं नाव टाकलं. घरात सांगून टाकलं होतं, रमेश-सुजाता बसतील. बाळारामला पत्रिकासुद्धा जाणार नाही.

पनवेलहून इक्बालभाई म्हणून एक कॉम्प्युटरवाले आले. उडालेलं परत काढतात म्हणे. दुपारची वेळ. मी स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभा. रमेश दोनदा म्हणाला, "बाबा, बसा." नाही बसलो. ज्याने उडवलं त्याच्या खुर्चीवर कशाला बसू?

बराच वेळ नुसती पट्टी सरकत होती. मग एकेक मेल यायला लागले. काही अर्धे, काहींत नुसते चौकोन. पण धवले होते! सुजाता वाचत होती, निलेश डोळे पुसत होता. हळदीचा धवला तेवढा राहिला होता, तोही आला. सुजाता दोन ओळी वाचून थांबली.

"वाच की गो," मी म्हटलं.

"बाबा... हा मी टाइप नाय केलेला."

"वाच!"

तिने वाचलं. हळद कांडली, हळद भिजली, मांडवात पाट मांडला... आणि पहिलं नाव बाळारामाचं, दुसरं हिराचं. मग रमेश, सुजाता, वनिता. शेवटी, निलेशाच्या अंगची उष्टी हळद चालली पेणच्या वाटेला, प्रणालीच्या अंगणी.

माझं डोकंच फिरलं. "ह्या तुमचा नाटक हाय! बाळारामला पाटावर बसवाला मेलेल्या आयचा नाव वापरता? लाज नाय वाटत?"

रमेश हात जोडून म्हणाला, "शप्पथ बाबा, मी नाय."

"तुला काकाचा पुळका कवापासून?"

तेव्हा सुजाता बोलली. इतक्या वर्षांत माझ्यासमोर पहिल्यांदा आवाज चढवून. "आमी पयलेपासून जातो काकांकडं! दर गणपतीला. आन् आयच नेयाच्या आमाला. तुमाला सांगायच्या बाजारान चाललो."

गणपतीत पिशवी घेऊन निघायची ती, माझी बायको. मीच कधी कधी रिक्षात बसवून द्यायचो. परत येताना पिशवीत भाजी असायची. म्हणजे ती भाजी...

सुजाता आता टाइप करायची थांबलीय. कर गो, खरं आहे ते.

मी इक्बालभाईंना म्हटलं, "तुम्ही परके. सांगा, हे आता कुणी मुद्दाम टाकलंय का?"

ते म्हणाले, "नाही काका. आत्ताचं असतं तर समोरच दिसलं असतं, शोधायला लागलं नसतं. हे फॉरमॅटच्या आधीचं, खाली गाडलेलं."

"फॉरमॅटच्या आधी ही प्रणाली कोण हे आम्हाला ठाऊक तरी होतं का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, रमेशकडे बघितलं. "ते मी कसं सांगू?"

"मग उरलेलं तुम्ही वाचा. घरच्यांवर माझा भरवसा नाही."

ते एकेक अक्षर लावत वाचायला लागले. धवल्याच्या ओळी संपत आल्या आणि ते अडखळले. "काका, इथे गाणं नाही. मध्येच काहीतरी बोलल्यासारखं आहे."

"वाचा."

"रमेशचा बापूस... दारान उबा हाय कवाचा. त्याला बसाला सांग गो सुजाता. पाय दुकतीन त्याचं."

इक्बालभाईंनी मान वळवून मला दारात उभा बघितला आणि माऊसवरचा हात काढून घेतला. मी हाताची घडी सोडली. खरंच पाय दुखत होते. बसलो. त्याच खुर्चीवर.

हळदीला बाळाराम आणि हिरा बसली. आमंत्रणाच्या अक्षता द्यायला मी स्वतः गेलो. दारात हिरा म्हणाली, "या भावोजी, तुमचीच वाट बगत व्हतो." पाणी प्यायलो, अक्षता ठेवल्या, निघालो. बाळारामशी बोललो नाही, अजून बोलत नाही. धवला तिच्याच क्रमाने झाला. गायलं गावच्या एका बाईने, कागदावर मराठीत लिहून घेऊन. "पाय दुकतीन" तेवढं लिहू दिलं नाही मी.

लोक सांगतात, कुठलातरी जुना मेल मिसळला असेल. असेल. मग प्रणाली कशी मिसळली? सुजाताने टाइप केला म्हणावं, तर सून म्हणून ती आलीय तेव्हापासून माझ्याशी खोटं बोललेली नाही — गणपती सोडून. वनिताला तो मेल कधी गेलाच नव्हता.

पण मला टोचतं ते वेगळंच. मेल्यावरसुद्धा माझे पाय दुखतील हे जिला कळलं, तिला जिवंतपणी एकदा सांगता आलं नाही, की मी बाळारामकडे जाते? रिक्षात मीच बसवून देत होतो. एकदा म्हणाली असती, चला तुम्ही पण... तर गेलो नसतो. पण म्हणायचं तरी.