पिनेच्या बाहेरून गेलेला पट्टा

वर्कशॉपात सगळे तिला तोंडावर काकू म्हणत आणि पाठीमागे भोंगा. हा भोंगा आज सकाळपासून मशीनचे पट्टे विकणाऱ्या दुकानदाराच्या नावाने वाजत होता. "रबर विकतोस की च्युइंगगम? पुन्हा असला माल पाठवलास तर दुकानात येऊन तुझ्याच गळ्यात घालीन!" तिने फोन आपटला.

चिडेल नाही तर काय! मैदानाचा माळी गवत कापायचा ट्रॅक्टर घेऊन परत दारात हजर. नवाकोरा पट्टा आठवडाभरही टिकला नव्हता. चढ आला की गाडी जागच्या जागी गुरगुरायची आणि जळक्या रबराचा वास सुटायचा.

"काकू, मिस्त्रींचं नाव ऐकून आलो होतो. आज नाही झालं तर दुसरीकडे देणार," माळी म्हणाला.

मिस्त्री म्हणजे तिचा नवरा. तो आत खुर्चीत बसून कपासाठी टेबल चाचपत होता. डोळे दाखवा, डोळे दाखवा म्हणून ती थकली, पण ऐकतोय कोण?

ती तणतणत ट्रॅक्टरखाली शिरली. पुली फिरवली, गरगर फिरली. स्प्रिंग ओढून पाहिली, ठणठणीत. पट्टा मात्र एकाच कडेला घासून गुळगुळीत झालेला. तिने त्यावरून बोट फिरवत नेलं आणि थबकली. पट्टा घसरू नये म्हणून पुलीशेजारी असलेल्या पिनेच्या आतून जायचा, तो बाहेरून गेला होता, पिनेवर घासत. दुकानदाराने बिचाऱ्याने फुकट शिव्या खाल्ल्या. पट्टा मिस्त्रीने चढवला होता, आणि अशी चूक त्याच्या हातून जन्मात झाली नव्हती.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. पण माळी समोर उभा. मिस्त्रीला दिसत नाही, हे संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं असतं. मग त्याच्या हातात पाना कोणी दिला असता?

"चूक माझी," बाहेर येत ती खेकसली. "पट्टा मी चढवला होता."

"तरीच! मिस्त्रींना करू द्या ना काकू. तुम्ही कशाला मध्ये मध्ये?"

ओठ आवळून तिने नवा पट्टा पिनेच्या आतून घातला. ट्रॅक्टर समोरचा चढ सरळ चढून गेला.

माळी दिसेनासा होताच ती नवऱ्यावर फुटली. "मी काय मेले होते का? हाक मारायला तोंड दुखलं तुमचं?"

"पट्टा दिसत होता गं," तो खाली बघत म्हणाला. "पिन नाही दिसली."

"चपला घाला. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे. आणि त्या दुकानदाराची माफी तुम्ही मागायची!"

तो पायाने चपला चाचपू लागला. तिने बडबडतच त्या त्याच्या पायापुढे सरकवल्या.