दहावं पॅनल

डिसेंबर लागला की दुबईतला करामा खुलतो. लोक एसी बंद करतात, बाल्कनीचे दरवाजे उघडे टाकतात, कॅफेटेरियाबाहेर उभ्याने चहा पीत तास घालवतात. एडविन तुस्कानोलाही हे दिवस आवडायचे. या वर्षी मात्र सकाळचा गारवा पायाला लागला की त्याला तो नकोसा होई. तो बाल्कनीत जाऊन हवेत हात धरून उभा राही आणि त्याला वाटे, आपल्या मागे कुणीतरी आहे.

मागे त्याची बायको रोझलिन असे.

"काय चाललंय तुझं?"

"थंडी बघतोय."

"थंडी बघायला काय सिमल्यात आलायस? चहा गार होतोय, तो बघ आधी."

ती हसे. एडविनला हसू येत नसे. असंच काहीसं तो स्वतः एका माणसाला म्हणाला होता, आणि तो माणूस आता या जगात नव्हता.

एडविन मूळचा वसईचा. बापाची केळीची वाडी. बाजारात बसला की बाप प्रत्येक डझनावर एक केळं जास्त टाकी. म्हणे, "माप कुणीही देतो. मापावर एक दिलं, की गिऱ्हाईक नाव विसरत नाही." एडविन आयटीआय करून एसी मेकॅनिक म्हणून दुबईत आला. जबल अलीच्या गोदामांच्या तापल्या छपरांवर त्याची उमेदीची वर्षं गेली. त्याच्या लेखी या देशात शत्रू एकच, उष्मा. पुढे त्याने स्वतःचं सोलरचं काम सुरू केलं. जिथे विजेची लाइन पोचत नाही अशा वाळवंटातल्या शेतघरांवर पॅनल बसवायची, घरात बॅटरी आणि इन्व्हर्टर लावायचा. बापाची रीत त्याने तिथेही पाळली. गिऱ्हाइकाने आठ मागितली तर नववं, नऊ मागितली तर दहावं पॅनल एडविनकडून. उन्हाने पॅनल तापलं की त्याचं व्होल्टेज उतरतं, तेव्हा एक जास्त असलेलं बरं, असा त्याचा हिशेब. गिऱ्हाइकं दुवा देत.

सप्टेंबरात अल ऐनच्या पलीकडे खजुराच्या एका मळ्यावर असंच काम निघालं. मळा एका अरबाचा. तिथला मॅनेजर ओवेस, दापोलीकडचा. मळ्यातल्या लहानशा घरात तो आणि त्याची आई शहनाझ राहत. म्हातारीची छाती अधू, तिच्या उशाशी हवेतून प्राणवायू काढणारं मशीन दिवसरात्र चाले. जनरेटर सारखा दगा देई, म्हणून सोलर. एडविनबरोबर त्याचा जुना वायरमन दत्ताराम होता, मालवणचा. नऊ पॅनल एकामागे एक जोडून झाली, माळेसारखी. धंद्यात तिला स्ट्रिंग म्हणतात. दत्ताराम दहाव्या पॅनलची वायर हातात धरून थांबला.

"दहावां नको, शेट."

"का रे?"

"माका सांगूक येणा नाय. पण नको."

"दत्ता, इन्व्हर्टर पाचशे व्होल्टपर्यंत घेतो. दहा धरूनही इथे चारशे चाळीस दिसतील. हे काय काश्मीर आहे? घाल, यल्ला, आटप!"

दत्तारामने वायर जोडली. पुढच्याच महिन्यात शारजाच्या रोल्लातल्या आपल्या खोलीत तो झोपेतच गेला. हृदय बंद पडलं. कागदपत्रं एडविननेच केली, पेटी विमानात चढेपर्यंत तोच थांबला.

तेव्हापासून पिकअपमध्ये एक भानगड सुरू झाली. बाजूच्या रिकाम्या सीटसाठी पट्ट्याची घंटी वाजू लागली. गॅरेजवाला म्हणाला, सेन्सर गेलाय, बदलू. एडविनने तो बदलला नाही. त्याने रिकाम्या सीटचा पट्टाच लावून टाकला. घंटी थांबली, आणि मग गाडीत जी शांतता पसरली ती त्याला घंटीपेक्षा जड गेली. सिग्नलला थांबला की त्या शांततेत त्याला ऐकू येई, दहावां नको. 'का' ते दत्तारामने सांगितलं नव्हतं. एडविनने नीट विचारलंही नव्हतं.

जानेवारीत बातमी आली: अल ऐनच्या आतल्या भागात उद्या सकाळी पारा पाचच्या खाली जाणार. दुकानात उभ्या असलेल्या एका पॅनलच्या पाठीवरचं लेबल एडविनने त्या दुपारी वाचलं. तसं ते त्याने शंभरदा पाहिलं होतं. अठ्ठेचाळीस व्होल्ट, पंचवीस अंशांना. तापल्यावर उतरतं, हे त्याला पाठ होतं. गारठ्यात तेच चढतं, हा साधा उलटा हिशेब त्याने कधी केलाच नव्हता. बर्फगार पॅनलवर सकाळचं पहिलं ऊन पडलं की दहांच्या माळेचे पाचशे दहा होणार, इन्व्हर्टरच्या मर्यादेपलीकडे. यंदाची पॅनल मोठी, म्हणून हे यंदाच. आधीची छोटी असत, ती निभावून गेली.

इन्व्हर्टर जळला तर बॅटरी भरलेली असूनही घरात वीज येणार नव्हती.

तो तसाच निघाला. ओवेसचा फोन लागेना. मळ्यावर पोचला तेव्हा ऊन कलत होतं.

"एडविनभाय! आणि न सांगता?" ओवेस हसत पुढे आला. पॅनल काढायचं म्हटल्यावर हसू गेलं. "काढायचं? थंडीत दिवस लहान, वीज आधीच कमी बनते. अम्मीचं मशीन त्यावर चालतं. तुम्ही वाढवायला यायचं की कमी करायला?"

"नऊ पुरतात. तुम्ही नऊच मागितली होती."

"मग दहावं लावलं कशाला?"

"चुकलं माझं."

"चार महिने चाललंय की. आताच कुठे चूक दिसली?"

"उद्या सकाळी दिसेल. आणि दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल."

ओवेस हाताची घडी घालून शिडीसमोर उभा राहिला. आतून म्हातारीचा धापा टाकत आवाज आला, "ओवेस, तो दुसरा कुठाय? काळासा. आला नाही?"

एडविन दारात गेला. शहनाझच्या नाकाशी नळी होती, मशीन एकसुरी घुमत होतं.

"तो वारला, खाला."

म्हातारीने डोळे मिटले. "इन्ना लिल्लाह. पाणी प्यायला आत आला होता. या मशीनपाशी बराच वेळ उभा राहिला. मला म्हणाला, आये, हे बंद पडलं तर तू काय करशील? मी म्हटलं, मरेन, दुसरं काय? तो हसला नाही." तिने श्वास घेतला. "ओवेस, चढू दे त्याला."

एडविनने आधी पॅनलकडून येणाऱ्या विजेचा खटका पाडला, मग वर जाऊन दहाव्याच्या वायरी सोडवल्या आणि माळ नवव्यापाशी बंद केली. दत्ताराम तेव्हा मशीनकडे बघून आला होता. आपण लेबलही नीट वाचलं नव्हतं.

सकाळ होईपर्यंत तो तिथेच राहिला. उजाडताना मळ्यावर धुकं होतं, पॅनलच्या काचांवर दव साकळलं होतं. बोटं बधिर झाली होती. पूर्वेकडून ऊन आलं तसे इन्व्हर्टरच्या पडद्यावरचे आकडे पळू लागले. तीनशे. चारशे. चारशे पन्नास. चारशे साठवर आकडा थांबला, थोडा थरथरला, आणि इन्व्हर्टरने काम सुरू केल्यावर खाली आला. आत मशीन घुमत राहिलं.

ओवेसने त्याच्या हातात चहा दिला. "बघा, काही झालं नाही. दहावं असतं तरी काही झालं नसतं, एडविनभाय. उगाच जिवाला लावून घेता."

जे घडलं नाही ते कुणाला कसं दाखवणार? एडविनने चहाचा घोट घेतला आणि समोर बघितलं. धुकं वितळत होतं. वाळूवर ऊन दूरवर पसरत चाललं होतं, क्षितिजापर्यंत, आणि त्याच्याही पुढे.

पुढे लिवाच्या वाटेवर उंटांचा एक गोठा होता. यंदाच्याच मोसमातलं काम, हीच मोठी पॅनल. तिथला रखवालदार अर्श बायकोमुलांसह राहत होता. आठ मागितली होती त्याने. इन्व्हर्टर धाकटा होता, साडेचारशे व्होल्टपर्यंतच घेणारा. एडविनने नववं खुशीने चढवलं होतं, आणि अर्शने त्याला मिठी मारली होती.

चहाचा कप त्याने भिंतीवर ठेवला आणि फोन लावला. पहिल्याच रिंगला तो उचलला गेला.

"एडविनभाई," अर्श म्हणाला. मागे एक मूल रडत होतं. "मैं आप ही को लगा रहा था."