सातवीच्या दारातली खुर्ची

मंगळवारी सकाळी सुमन गेली. फोन तिच्या शाळेतल्या पाटीलसरांनी केला. मी "बरं" म्हणाले, म्हणून त्यांनी तेच वाक्य पुन्हा सांगितलं. मग मी गॅस बंद केला, दाराला कुलूप लावलं आणि डोंबिवलीहून कोपरीला तिच्या घरी गेले.

त्याला आता काही आठवडे झाले. झोपेतच हृदय थांबलं असं डॉक्टर म्हणाले, ते मला कळलं. न कळलेली गोष्ट वेगळी आहे. जाण्याआधीच्या रविवारी ती माझ्याकडे आली होती. आम्ही कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. मी डोंबिवलीतल्या एका वाचनालयात काम करते. ती तिच्या घरापासून खाडीपलीकडे, कळव्यातल्या एका सरकारी शाळेची मुख्याध्यापिका, आणि शिक्षक कमी म्हणून सातवीचा वर्गही तिच्याकडेच. पोहे खाता खाता ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "वर्ग कुठे संपतो गं?" मला वाटलं, चेष्टा करतेय. मी म्हटलं, घंटा झाली की. ती हसली नाही. "तुझ्या वाचनालयाचं बरं आहे. पुस्तक कुणाच्या घरी उशीखाली पडलेलं असलं तरी ते तुमचंच…" एवढं म्हणाली आणि तिने लिंबू मागितलं. मग बोलणं लोणच्याकडे वळलं.

हा प्रश्न सुमनने विचारावा याचंच मला नवल वाटत राहिलं आहे. कारण वर्ग कुठे संपतो हे ठामपणे सांगणारी माझ्या ओळखीत ती एकटीच होती. सरकारी शाळांसाठी येणाऱ्या पैशातला ठरावीक वाटा वर्गातल्या शिकवण्यावरच खर्च झाला पाहिजे, त्याच्या खाली कुणालाही जाता येऊ नये, असा नियम करा, ही तिची मागणी. त्यासाठी कित्येक वर्षं ती अर्ज लिहीत होती, आसपासच्या शाळांमध्ये जाऊन शिक्षकांच्या सह्या घेत होती. तिचा राग साधा होता. शाळेला नवी कमान आली, भिंतींवर चित्रं आली, पाहुण्यांसाठी गादीच्या खुर्च्या आल्या, आणि सातवीच्या भिंतीवरच्या भारताच्या नकाशात अजून तेलंगण नव्हतं. पोरं कमान वाचून पास होणार आहेत का, असं ती भर बैठकीत विचारायची. पाटीलसर तिच्याच शाळेत गणित शिकवतात, तिथल्या जुन्या गावातले आहेत. तुमच्या हातात दिलं तर तुम्ही घंटासुद्धा विकून पुस्तकं आणाल, असं ते तिला चिडवायचे. त्यावर ती म्हणायची, घंटा खरंच पितळेची आहे का ते आधी बघून या.

अडचण एका दारापासून सुरू झाली. व्हरांड्याच्या टोकाला मुलींचं स्वच्छतागृह आहे. त्याचं दार खालून कुजलेलं, चौकटही गेलेली, त्यामुळे आतून कडी लागत नाही. पाटीलसरांनी एकदा पदरचे पैसे घालून नवी कडी ठोकून घेतली, ती स्क्रूसकट हातात आली. दार बदलणं हे बांधकाम विभागाचं काम; तिकडे अर्ज जात होते आणि तिकडेच राहत होते. त्या वर्षी शाळेच्या हातात जे पैसे होते त्यातून सुमनने विज्ञानाच्या प्रयोगांची पेटी घेतली. जेवणाच्या सुट्टीनंतर मोठ्या हौसेने ती उघडली, तर मुलींचे निम्मे बाक रिकामे. घरी कामं असतील, भावंडं सांभाळायची असतील, असं ती बरेच दिवस धरून चालली होती. शेवटी एका मुलीने खाली बघत सांगितलं, "बाई, दार लागत नाही ना. सुट्टीत घरी गेलं की आई परत नाय पाठवत."

पुढच्या पैशातून दारच करून टाकू, असं पाटीलसर म्हणाले. सुमन तयार होईना. हे तिने मला सांगितलं तेव्हा मी चिडले. अगं, पोरी घरी जातायत, म्हटलं. "माहितेय मला. पण आज वर्गाच्या पैशातून दार केलं, की उद्या त्याच वाटेने कमान आत येते." तिचं चुकतंय असं मला म्हणता येईना, आणि बरोबर आहे असंही म्हणता येईना. दुसऱ्या दिवशी तिने आपली लाकडी खुर्ची उचलली आणि सातवीच्या दारात नेऊन ठेवली. दोन पाय वर्गात, दोन व्हरांड्यात. तिथे बसून ती शिकवू लागली. फळ्यावर एखादी मुलगी लिहायची. कुणी स्वच्छतागृहाकडे गेली की सुमन मान वळवून तिकडे बघत राहायची, आणि तोंडाने धडा चालूच. मग त्या बाजूला कुणी फिरकत नसे. मुली दुपारी थांबायला लागल्या. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी, मॅडम दारात का बसतात, असं विचारलं तर म्हणाली, इथे वारा येतो.

ती खुर्ची तिच्या नियमाच्या बाजूने होती, की विरुद्ध? तिला मी हे कधी विचारलं नाही, कारण तेव्हा असा प्रश्न पडला नव्हता. तो पाटीलसरांमुळे पडला. ती गेली त्या दिवशी तिच्या घराच्या जिन्यात उभे राहून त्यांनी मला सांगितलं की तिला शिक्षण कार्यालयातून अखेर बोलावणं आलं होतं, आणि तेही तिच्याबरोबर गेले होते. साहेबांनी अर्ज नीट वाचला होता. वर्गातला खर्च म्हणजे नेमका कोणता, तेवढं एका वाक्यात लिहून द्या, मी पुढे पाठवतो, असं ते म्हणाले. आणि सुमन गप्प बसली. पुन्हा येते म्हणाली आणि उठली. रिक्षात, खाडीच्या पुलावरही बोलली नाही. "बाई गप्प बसल्या हे मी पहिल्यांदाच बघितलं," पाटीलसर म्हणाले. त्यानंतरच्या रविवारी ती माझ्याकडे पोहे खायला आली होती…

ते वाक्य मग माझ्याकडे आलं. शोकसभेत सगळ्यांनी ठरवलं की बाईंचा अर्ज पूर्ण करून द्यायचा. पाटीलसर तो घेऊन वाचनालयात आले. पहिली सही सुमनची, तिरकी, घाईची. ते म्हणाले, "तुमचं वाचन आहे, आणि बाईंचं मन तुम्हाला माहीत. दार त्यात येतं की नाही, एवढं ठरवा. नाही घातलं तर पोरी घरी बसतात. घातलं तर बाईंनी इतकी वर्षं जे धरून ठेवलं, ते आपणच सोडतो." मला खरंच माहीत नाही हो, असं मी म्हटलं. मग शाळेत येऊन बघा, म्हणाले.

मी गेले. सातवीवर नव्या बाई आल्या आहेत, वयाने लहान. त्या फळ्यापाशी होत्या. सुमनच्या खुर्चीवर वर्गातली एक मुलगी बसली होती, पुस्तक मांडीवर, तोंड व्हरांड्याकडे. बाईंनी तिला काहीतरी विचारलं, तिने मान न वळवता उत्तर दिलं. थोड्या वेळाने टोकाकडून दुसरी मुलगी परत आली. पहिली उठली, ही बसली, आणि पहिली तिकडे गेली. त्यांनीच ठरवून घेतलंय, मी काही बोलले नाही, असं बाईंनी नंतर सांगितलं. मला बरं वाटायला हवं होतं. पण खुर्चीवरच्या मुलीला धडा अर्धाच मिळत होता, हेही दिसत होतं. हे शिकणं की पहारा… मला ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात पुस्तकांची मोजणी होती. कपाटात नसलेलं पुस्तक आम्ही हरवलेलं म्हणत नाही. बाहेर गेलेलं म्हणतो, आणि परत येईपर्यंत आपलंच धरतो. उशीखालचं पुस्तक तेव्हा आठवलं. सुमनला हेच म्हणायचं होतं का? की तिला फक्त लिंबू हवं होतं, आणि बाकीचं मी आता तिच्या तोंडी घालते आहे? बराच वेळ बसून मी लिहिलं, "वर्गातून बाहेर गेलेलं मूल वर्गात परत येण्यासाठी जे लागतं, तेही वर्गातल्या खर्चात धरावं."

पाटीलसरांनी ते दोनदा वाचलं. "ह्यातून कमानपण आत येईल," म्हणाले.

"येईल," मी म्हटलं.

"बाईंनी हे फाडलं असतं."

"असेलही."

त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

अर्ज दिला आहे. त्यावर सही सुमनची आहे आणि वाक्य माझं. उत्तर आलेलं नाही. स्वच्छतागृहाचं दार तसंच आहे. खुर्ची सातवीच्या दारात आहे, आणि तिच्यावर मुली आळीपाळीने बसतात.