लोक काय म्हणून शोधतात

घाई मॅडम खुर्चीत टेकलेल्या मी फार कमी वेळा पाहिल्या. टाइप करायच्या त्याही उभ्यानं. धाराशिवला बसस्टँडजवळ, मोबाइलच्या दुकानावरच्या एका खोलीत आमचं ऑफिस होतं. मी वेबसाइट बांधायचो आणि गूगलवर ती लोकांना सापडावी म्हणून कुठले शब्द घालायचे, ते मॅडम ठरवायच्या. ‘घाई मॅडम’ हे नाव खालच्या चहावाल्यानं ठेवलं होतं. त्याचा चहा त्या जिन्यातच पिऊन कप परत द्यायच्या.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं. ‘‘माणूस गूगलसमोर भाषण करत न्हाय, गाऱ्हाणं सांगतो.’’ गिऱ्हाइकानं ‘सर्वोत्कृष्ट’, ‘अग्रगण्य’ असं काही लिहून आणलं, की त्या खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालायला लागत.

माकणीचे तात्या असेच आले. त्यांचा आणि काकूंचा शेळ्यांचा गोठा. साइटवर ‘दर्जेदार शेळीपालन प्रकल्प’ असंच पाहिजे म्हणून हटून बसले. मॅडमनी तेवढ्यापुरतं मान्य केलं. पावसाळा संपला, तरी फोन एकही नाही. मॅडमना चैन पडेना.

‘‘चल, उठ. बाजाराला जाऊ.’’

शेळीबाजारात त्या सौदा करणाऱ्यांच्या मागं जाऊन उभ्या राहत आणि कान देत. एका म्हातारीनं शेवटी हटकलंच. ‘‘काय गं, दलाल हायस व्हय? मगापासून मागं मागं करालीस!’’ मॅडम हसल्या आणि पुढच्या घोळक्यात घुसल्या. परतताना स्कूटीवरूनच ओरडून सांगत होत्या, ‘‘ऐकलंस? दर्जेदार कुणी म्हणालं? ‘उस्मानाबादी हाय का, जुळी देती का, गाभण हाय का.’ हे आपले कीवर्ड! नुसतं ‘शेळी’ टाकलं तर आख्ख्या देशाच्या कळपात आपली कुठं दिसणार? आन् ‘शेळीचे फोटो’ शोधणारा शेळी घेत नसतो.’’

तात्यांना साइटवर सगळीकडं उस्मानाबादऐवजी जिल्ह्याचं नवं नावच हवं होतं. मॅडम म्हणाल्या, ‘‘गावाच्या पत्त्यात धाराशिवच लिहू, तात्या. पण शेळीला लोक अजून उस्मानाबादीच म्हणतात. त्यांनी हाक मारली तर आपण ओ द्यायला नको?’’

तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. बाजारात एक बाई ‘शेळीचं पोट फुगलंय, काय करू?’ म्हणून दिसेल त्याला विचारत फिरत होती. तो प्रश्न मॅडमच्या डोक्यातून जाईना. एका जनावरांच्या डॉक्टरांना गाठून त्यांनी त्यावर एक पान लिहून घेतलं आणि त्या बाईचाच प्रश्न मथळा म्हणून दिला. पान गूगलवर वर आलं आणि फोन सुरू झाले. पण कसले?

तात्या तडक ऑफिसात आले. ‘‘मॅडम, माझ्या फोनचा दवाखाना केलात तुम्ही! कुणाचं पोट फुगलंय, कुणाची चारा खाईना. गिऱ्हाईक कुठंय? ते पान काढा.’’

‘‘अडचणीत ज्याला आपण सापडलो, तात्या, तो उद्या शेळी घ्यायला दुसरीकडं जाईल का?’’

‘‘उद्याचं कुणी बघितलंय? काढा म्हणलं ना.’’

‘‘माझ्या हातनं न्हाय निघायचं.’’

तात्या गेले. दुपारभर मॅडम जिन्यातून खालीवर करत राहिल्या. काम हातचं गेलं, असंच मी धरून चाललो होतो. संध्याकाळी काकूंचा फोन आला. ‘‘मॅडम, ह्यांचं मनावर घेऊ नगा. पान राहू द्या. नंबर तेवढा माझा टाका. फोन म्या घेते.’’

काकूंनी घेतले. आधी डॉक्टरला बोलवायला सांगायच्या आणि मग शेळीनं काय खाल्लं, ते विचारत बसायच्या. काही महिन्यांनी सोनारीहून एक जोडपं टेम्पो घेऊन दारात उभं राहिलं. फोनवर विचारलेली त्यांची शेळी वाचली होती आणि आता त्यांना अजून शेळ्या काकूंकडूनच हव्या होत्या. तात्या पान काढायचं पुन्हा बोलले नाहीत. पुढं लोक गोठ्याला काकूंच्या नावानंच ओळखू लागले.

मग मॅडमच्या यजमानांची नागपूरला बदली झाली. जाण्याआधी काकूंना भेटायचं म्हणून आम्ही माकणीला गेलो. काकू गोठ्यात आमच्याकडं पाठ करून फोनवर बोलत होत्या. पलीकडं कुणीतरी रडत असावं. ‘‘व्हय बाई, ऐकतीय म्या. डॉक्टर निघालेत ना? मग तिच्याजवळ बसा. बोला तुम्ही, म्या न्हाय ठेवत फोन.’’

मी हाक मारणार, तोच मॅडमनी माझा दंड धरला. ‘‘नको. मधेच तोडू नको तिला.’’

फाटकात उभं राहून त्यांनी बराच वेळ ऐकलं. फोन काही संपेना. धाराशिवहून त्यांची रात्रीची गाडी होती. शेवटी त्यांनीच हळूच फाटक ओढून घेतलं आणि आम्ही निघालो. काकूंना कळलंही नाही.