कवायतीच्या बाई

बाई बंगळूरला आल्या त्या दिवशी स्टेशनपासून बसवनगुडीपर्यंत चालत आल्या. अप्पांनी जटका ठरवला होता. दोन ट्रंका, वळकटी आणि लग्नातल्या लाडवांचा डबा घोडागाडीत चढला, अप्पा चढले, मीही पायरीवर पाय ठेवला. पण बाई खालीच उभ्या. ‘तुम्ही सामान घेऊन पुढे व्हा,’ त्या अप्पांना म्हणाल्या. ‘मिरजेपासून बसून बसून पाय आखडलेत. मी चालत येते. शालू रस्ता दाखवील.’ चौतीस वर्षांची नवी नवरी, हातात हिरवा चुडा, आणि नऊवारी लुगड्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. जटकेवाला त्या बुटांकडे बघतच राहिला.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. लग्नात मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते आणि रस्ताभर बोलायचा विचारही नव्हता. ही बाई दमली पाहिजे, एवढंच डोक्यात ठेवून मी झपाझप पुढे चालत सुटले. चामराजपेठेपर्यंत पोचलो तेव्हा माझ्याच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि एका दुकानाच्या पायरीवर मी मटकन बसले. बाईंनी घाबराघुबरा चेहरा केला नाही. ‘डोकं गुडघ्यांत घाल, लांब श्वास घे,’ एवढंच म्हणाल्या आणि शेजारी बसल्या. मग रस्त्याकडे बघत म्हणाल्या, ‘हे बघ, मला आई म्हणायची सक्ती नाही. तुला आई होती. मिरजेच्या शाळेत पोरी मला बाई म्हणायच्या, तूही तेच म्हण.’ मी शेवटपर्यंत त्यांना बाईच म्हटलं.

आम्ही मूळचे कोल्हापूरचे. अप्पांना बंगळूरच्या सरकारी यंत्रांच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून छप्पन साली इथे आलो. वर्षाच्या आत आई विषमज्वराने गेली. त्यानंतर आमच्या घरात चूल अशी पेटलीच नाही. सकाळी हॉटेलातली इडली, दुपारी मला शाळेत कोपऱ्यावरच्या बेकरीतला बन, संध्याकाळी कॉफी आणि जे मिळेल ते. मी वाळत गेले आणि अप्पा सुटत गेले. दोन जिने चढले की ते कठड्याला धरून उभे राहायचे. माझ्या आत्याने हे पाहिलं आणि तिच्या ओळखीतल्या या अविवाहित शिक्षिकेचं नाव सुचवलं. धाकट्या भावंडांना मार्गी लावता लावता त्यांचं लग्नाचं वय उलटून गेलं होतं. मुलींच्या शाळेत त्या कवायत शिकवायच्या.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गच्चीवर धप् धप् असा आवाज आला. मी वर जाऊन पाहिलं, तर बाई काष्टा घट्ट खोचून दोरीवरच्या उड्या मारत होत्या. ओठ हलत होते, आकडे चालले होते. उड्या झाल्यावर बारा नमस्कार, मग हात वर करून पाठ मागे वाकवायची. मला पाहून थांबल्या नाहीत. नंतर घाम पुसत म्हणाल्या, ‘गाव बदललं म्हणून हाडं बदलत नाहीत, शालू. त्यांचं काम त्यांना द्यावं लागतं.’

पण गाव बदललं होतंच. बाईंना ज्वारीच्या भाकरीची सवय, आणि आमच्या भागात मनासारखी ज्वारी मिळेना. तीन वेळा भात खाऊन त्यांना जडपणा येऊ लागला. दिवसभर पोरींमध्ये उभी राहणारी ती बाई दोन खोल्यांत कोंडली गेली. भाजीवालीशी बोलायचं तरी मला शाळेतून परत येऊ द्यावं लागे, कारण त्यांना कन्नड येत नव्हतं. त्यातच घरमालकीण रुक्मिणक्का तक्रार घेऊन आल्या. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपासून इथलं. मराठीच बोलायचे, पण त्या मराठीला इथल्या मातीचा रंग; ‘जरा’ला स्वल्प म्हणायचे, गच्चीला तारशी. दारातच उभ्या राहून त्या अप्पांना म्हणाल्या, ‘स्वल्प बायकोला सांगा की. तारशीवर रोज उड्या मारतात, खाली आमच्या डोक्यावर चुना पडतोय. आणि बायकामाणसानं असं उडावं काय? आजूबाजूचे बघतात.’

अप्पा संकोची माणूस. त्या रात्री जेवताना ते बाईंना म्हणाले, ‘आता ते बंद कर. तू आता कवायतीची बाई नाहीस, घरची आहेस.’ बाईंनी ताटातलं संपवलं, ताट उचललं, आणि दुसऱ्या दिवसापासून गच्चीवरचा आवाज थांबला.

तीन आठवडे थांबला. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. पण सकाळी उठावं तर बाई भिंतीला टेकून नुसत्या बसलेल्या. चेहरा सुजल्यासारखा, हालचाल मंद. माझ्या आईच्या जाण्यानंतर अप्पा जसे बसायचे तशाच. एके दिवशी शाळेत जाताना त्यांनी माझ्या हातात एक पोस्टकार्ड दिलं आणि पेटीत टाकायला सांगितलं. मी ते रस्त्यात वाचलं. मिरजेच्या मुख्याध्यापिकांना लिहिलं होतं : माझी जागा अजून भरली नसेल तर कृपया कळवावे. बाकी नेहमीची विचारपूस. अक्षर कवायतीच्या रांगेसारखं सरळ.

मी ते टाकलं नाही. भूगोलाच्या पुस्तकात ठेवलं. चार दिवस मला कळेना की मी ते का ठेवलंय. या बाई जाव्यात असं मीच तर म्हणत होते. पाचव्या दिवशी मला राहवेना. त्या तांदूळ निवडत होत्या. मी कार्ड काढून त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, ‘मी वाचलं.’

‘पोस्टकार्ड आहे, कुणीही वाचतं,’ बाई म्हणाल्या. मग हात थांबवून विचारलं, ‘टाकलं का नाहीस?’

मी म्हटलं, ‘मला उड्या शिकायच्या आहेत.’ ते खरं नव्हतं. पण तोंडातून तेच निघालं.

बाईंनी कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. ‘पाचला उठशील?’ त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ‘गच्चीवर नाही. त्यांच्या डोक्यावर चुना पडतो, ते त्यांचंही खरंच आहे. दुसरी जागा शोधू.’

ती जागा म्हणजे नंदीच्या देवळाकडची खडकाळ टेकडी. घरापासून दहा मिनिटांवर, पहाटे तिथे माणूस नसायचं. पहिल्या दिवशी मी खडक अर्धाच चढले. महिन्याने वरपर्यंत जाऊन, दोरीवर पन्नास उड्या मारून, खाली येऊ लागले. बाई कौतुक करायच्या नाहीत. ‘काल चाळीस होत्या, आज पन्नास. शरीर खोटं बोलत नाही,’ एवढंच. पण त्यांच्या चेहऱ्यावरची सूज उतरू लागली होती, आणि डोळ्यांतली चमक परत आली होती.

खाण्याचा प्रश्न रुक्मिणक्कांमुळे सुटला, आणि तो बाईंनी स्वतः त्यांच्या दारात जाऊन सोडवला. तक्रार करणाऱ्या बाईकडेच त्या गेल्या आणि विचारलं, ‘अक्का, तुमच्याकडचे गडी एवढे काटक कसे? काय खातात?’ रुक्मिणक्का हसल्या. म्हणाल्या, रागी खातात, आणखी काय. रागी म्हणजे आपली नाचणी. त्यांनी बाईंना चुलीपुढे बसवून नाचणीचं पीठ उकळत्या पाण्यात घाटून त्याचा गरम गोळा वळायला शिकवला. त्या गोळ्याला इथे मुद्दे म्हणतात. बाई पहिला घास चावू लागल्या तेव्हा रुक्मिणक्कांनी कपाळावर हात मारला. ‘चावायचं नाही हो. सारात बुडवायचं आणि गिळायचं. असं.’

अप्पांनी नाक मुरडलं. नाचणी म्हणजे आजाऱ्याचं खाणं, असं ते म्हणाले. बाईंनी त्यांच्यापुढे नाचणीची भाकरी, पालेभाजी आणि ताक ठेवलं आणि शांतपणे सांगितलं, ‘झोपायचं बंगळुरात आणि जेवायचं कोल्हापुरात, असं किती दिवस चालणार? इथे राहायचंय ना, मग इथलं खाऊ या.’ अप्पांनी मुकाट्याने भाकरी मोडली. हिवाळ्यात बाजारात पावट्याचे ढीग लागले तेव्हा बाईंनी रुक्मिणक्कांकडून पावट्याचं सार शिकून घेतलं. त्या बदल्यात रुक्मिणक्कांना काय मिळालं? त्यांचे गुडघे धरले होते. बाईंनी त्यांना रोज सकाळी खुर्चीवर बसवून पाय सरळ करायला लावले, मग अंगणात, मग आमच्याबरोबर रस्त्याच्या टोकापर्यंत. बायकामाणसाने उडावं काय, असं विचारणाऱ्या रुक्मिणक्का पुढे शेजारणींना हाका मारून टेकडीवर फिरायला काढू लागल्या.

अप्पांचं मात्र वेगळंच झालं. त्यांनी कधी चूक झाली असं म्हटलं नाही. एका शनिवारी कारखान्यातून आले ते खिशातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून बाईंच्या पुढ्यात ठेवलं. शिसवी लाकडाच्या दोन मुठी होत्या. जेवणाच्या सुट्टीत अप्पांनी त्या स्वतः लेथवर कातल्या होत्या. ‘तुझ्या दोरीच्या मुठी फुटल्यात,’ ते म्हणाले. ‘हाताला लागत असतील.’ बाईंनी मुठी हातात धरून पाहिल्या. ‘वजन बरोबर आहे,’ त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. सोमवारी अप्पा आमच्याबरोबर टेकडीवर आले. त्यांना तीनदा थांबावं लागलं. पुढच्या कार्तिकात बसवनगुडीची भुईमुगाची जत्रा भरली तेव्हा शेंगा बांधलेला पंचा खांद्यावर टाकून ते चढ एका दमात चढले आणि वर पोचल्यावर इकडेतिकडे बघू लागले, कुणी पाहिलं की नाही म्हणून. बाईंनी पाहिलं होतं. त्यांनी मूठभर उकडलेल्या शेंगा अप्पांच्या हातावर ठेवल्या.

त्याच टेकडीवर जवळच्या एका कन्नड शाळेच्या मुख्याध्यापिका फिरायला येत. बायकांची ही पलटण त्या रोज बघत होत्या. एक दिवस त्यांनी माझ्यामार्फत विचारलं, आमच्या मुलींना शिकवाल का? बाईंना तोवर कन्नड फार येत नव्हतं. आकडे मात्र पक्के होते, भाजीवालीकडून शिकलेले. ‘ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु एवढं येतं,’ त्या म्हणाल्या. ‘कवायतीला चारच्या पुढे आकडे लागत नाहीत.’ अशी त्यांना नोकरी मिळाली. अप्पांनी या वेळी काही म्हटलं नाही. उलट, पहिल्या दिवशी कॅनव्हासच्या बुटांना पांढरा खडू त्यांनीच लावून दिला. बाईंनी त्या शाळेत नऊ वर्षं शिकवलं. पोरींना रांगेत उभं करण्याआधी डबे उघडून बघायच्या. नुसता भात आणलेल्या पोरीला शेजारणीच्या डब्यातली उसळ वाढायला लावायच्या. ‘रिकाम्या पोटाने कवायत करायची म्हणजे रिकाम्या विहिरीत पोहरा सोडायचा,’ हे त्या मोडक्या कन्नडमध्ये सांगायच्या आणि पोरी हसायच्या.

सदुसष्ट साली माझं लग्न झालं आणि मी भिलाईला गेले. दोन वर्षांनी अप्पांचं पत्र आलं. बाईंच्या पोटात गाठ आहे, डॉक्टरांनी उशीर झाल्याचं सांगितलंय. मला तेव्हा पाचवा महिना होता. मी आले. त्या पंचेचाळीस वर्षांच्या होत्या आणि पलंगावर त्यांचं अंग एखाद्या आजारी पोरीएवढं दिसत होतं.

माणसं भेटायला यायची. दूरच्या एका काकूंनी त्यांच्या उशाशी बसून, वाईट हेतूने नव्हे, बोलून दाखवलं की एवढा व्यायाम केलास, एवढं तोलून मापून खाल्लंस, काय उपयोग झाला? मला त्यांना उठवून बाहेर काढावंसं वाटलं. बाईंना राग आला नाही. त्यांनी थोडा दम घेतला. ‘जास्त जगायला नव्हतं हो केलं,’ त्या म्हणाल्या. ‘परक्या गावात आले होते. जगत होते तोवर पायांवर उभं राहता यावं, म्हणून केलं. ते जमलं.’

श्रावणात त्या गेल्या. मी सांगणार आहे ती आदल्या दुपारची गोष्ट.

त्या दिवसांत माझ्या घशाखाली अन्न उतरत नव्हतं. रुक्मिणक्का ताट पाठवायच्या आणि मी ते झाकून ठेवायचे. त्या दुपारीही झाकून ठेवलं. बाई डोळे मिटून पडल्या होत्या. मला वाटलं झोपल्यात. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, ‘जेवलीस?’

‘हो,’ मी म्हटलं.

‘भांड्याचा आवाज आला नाही.’

त्यांनी डोळे उघडले. आवाज अगदी बारीक झाला होता, पण शाळेच्या मैदानावरचाच होता. ‘ताट इथे आण. मला दिसेल असं बस.’

मी ताट आणलं. पोळी, मेथीची भाजी, दहीभात. त्यांच्या पलंगाशी जमिनीवर बसले. पहिले दोन घास रडत गिळले. बाईंनी डोळे पूस असं म्हटलं नाही, माझ्या पाठीवरून हातही फिरवला नाही. तेवढी ताकद नव्हती. त्या कुशीवर वळून, उशीवर गाल टेकवून, नुसत्या बघत होत्या. मध्ये एकदा ‘सावकाश’ म्हणाल्या. मी पोळी संपवली, भाजी संपवली, भात कालवून खाल्ला, वाटीत बोट फिरवून दही पुसून घेतलं. पोटात बाळ हललं. मी त्यांना ते सांगितलं.

‘त्यालाही लागली होती भूक,’ बाई म्हणाल्या. मग रिकाम्या ताटाकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि डोळे मिटले.